फ्रेंच क्रियापदांची रूपे: कागदावरची अक्षरे आणि कानावरची अक्षरे

प्रश्न थोडक्यात असा आहे. 'पार्ले' म्हणजे बोलणे. त्याचे 'ते बोलतात' हे रूप पुस्तकात पी-ए-आर-एल-ई-एन-टी असे छापलेले असते. शब्दसूचीत त्याची फोड दोन तुकड्यांत दाखवलेली, आणि ध्वनिफितीत मात्र एका झटक्यात 'पार्ल्' एवढेच ऐकू येते. मग तुकडे दोन की एक? आणि क्रियापदाचे रूप नेमके कुठे मोडायचे याला काही नियम आहे, की सगळे पाठच करायचे?

दोन्ही बरोबर आहेत, कारण फ्रेंचमध्ये फोड दोन प्रकारची असते. ओळीच्या शेवटी शब्द मोडताना छपाईची फोड वापरतात. ती लिहिलेले वर्ण बघून होते. बोलताना उच्चाराची फोड चालते. ती ऐकू येणारे स्वर मोजून होते. क्रियापद शिकणाऱ्याला दुसरी हवी असते, पण हाताशी बहुधा पहिली असते. सगळा घोळ इथून सुरू होतो.

मराठी माणसाला हे नवे वाटायचे कारण नाही. 'राम कृष्ण हरी' लिहून मोजले तर सहा अक्षरे होतात आणि अभंगाच्या मोजणीत ती सहाच धरतात. बोलताना मात्र 'राम' हे एकच अक्षर असते, कारण शेवटच्या 'म'मधला अ कोणी उच्चारत नाही. फ्रेंच अभिजात छंदातही पुढे व्यंजन आले की मुका 'ई' मोजला जातो आणि बोलण्यात गळतो. म्हणून गाणी ऐकून उच्चार बसवणारे विद्यार्थी 'पार्-ल' अशी दोन अक्षरे घेऊन येतात. गाण्यात ते योग्यच असते, संभाषणात नाही.

पुढे मी 'अक्षर' म्हणजे एका स्वराभोवतीचा उच्चाराचा तुकडा आणि 'वर्ण' म्हणजे रोमन लिपीतले चिन्ह, असे शब्द वापरतो. उच्चार देवनागरीत लिहिताना दोन गोष्टी काटेकोरपणे पाळा. पाय मोडला (हलन्त) असेल तर तिथे स्वर अजिबात नाही. पाय मोडलेला नसेल तर तिथे खरोखरच 'अ' उच्चारायचा. फ्रेंचचा हा आखूड स्वर आपल्या 'अ'च्या बराच जवळ आहे, फक्त ओठ किंचित गोल करायचे. या कामाला देवनागरी रोमनपेक्षा सोयीची आहे. बाकी चिन्हे अशी: 'ॅ' हा 'बॅट'मधल्याइतका उघडा नाही, तो 'ए' आणि 'ॲ' यांच्या मध्ये कुठेतरी बसतो. चंद्रबिंदू म्हणजे नाकातून जाणारा शुद्ध स्वर. 'ज़' म्हणजे 'जोर'मधला ज, पण जीभ दाताला न टेकवता. 'स' लांबवत कंठ चालू केला की तो मिळतो. 'झ' म्हणजे इथे मराठी झ नव्हे. 'श' म्हणता म्हणता कंठ चालू करा, इंग्रजी 'व्हिजन'च्या मधला आवाज येईल, तो हा. आणि फ्रेंच 'टी'ला आपला दंत्य 'त', 'डी'ला आपला 'द' जसाच्या तसा चालतो. इंग्रजीच्या सवयीने 'ट' आणि 'ड' करून हातची देणगी घालवू नका.

आता प्रत्यय. 'पार्ले'च्या वर्तमानकाळात कागदावर पाच वेगवेगळी रूपे असतात, पण कानाला तीनच. मी, तू, तो आणि ते या चौघांचे रूप एकच: 'पार्ल्', एक अक्षर. आम्ही: 'पार्-लोँ'. तुम्ही: 'पार्-ले'. या तुम्हीच्या रूपात, मूळ धातुरूपात आणि भूतकाळी धातुसाधितात शेवट वेगवेगळा लिहितात (ई-झेड, ई-आर, डोक्यावर तिरकी रेघ असलेला ई), पण तिन्हींचा उच्चार एकच 'ए'. अपूर्ण भूतकाळात मी, तू, तो, ते या चारही रूपांचा शेवट 'ॅ': 'पार्-लॅ'. त्यातले 'ते'चे रूप ए-आय-ई-एन-टी असे लांबलचक दिसते, पण तेही तेवढेच.

ई-एन-टी पाहिले की आपल्याकडे डॉक्टरची पाटी आठवते. क्रियापदाच्या अनेकवचनी प्रत्ययात मात्र ना नाक वापरायचे ना घसा. तो पूर्ण मुका असतो. कर्ता अनेकवचनी असेल तर अखेरचा ई-एन-टी मुका, याला अपवाद नाही. कर्ता एकवचनी असेल आणि तरी ई-एन-टी दिसला, तर तो प्रत्यय नसून धातूचाच भाग असतो आणि तिथे अनुनासिक स्वर येतो: 'तो येतो' हे 'इल् व्यॅँ', 'तो खोटे बोलतो' हे 'इल् माँ'. त्यांची अनेकवचने 'व्यॅन्' आणि 'माँत्'. नाम, विशेषण आणि क्रियाविशेषण यांच्या शेवटचा ई-एन-टी बहुतेक ठिकाणी 'आँ' होतो. म्हणूनच 'मठातल्या कोंबड्या अंडी उबवतात' या फ्रेंच वाक्यात एकाच लेखनाचे दोन शब्द शेजारी येतात: मठ 'कु-वाँ', उबवतात 'कुव्'. मुका नसलेला अनेकवचनी शेवट एकच, तो म्हणजे ओ-एन-टी. वर्तमानकाळात तो चारच क्रियापदांत (असणे, जवळ असणे, जाणे, करणे) येतो: 'सोँ', 'ओँ', 'वोँ', 'फोँ'. शिवाय सर्व क्रियापदांच्या भविष्यकाळात येतो.

'पार्ले'च्या गटाबाहेर एकवचन-अनेकवचनाचा फरक बहुधा ऐकू येतो, पण तो प्रत्ययाने नव्हे तर अखेरच्या व्यंजनाने. तो ठेवतो 'मॅ', ते ठेवतात 'मॅत्'. तो झोपतो 'दोर्', ते झोपतात 'दोर्म्'. तो संपवतो 'फि-नि', ते संपवतात 'फि-निस्'. तो घेतो 'प्राँ', ते घेतात 'प्रॅन्'. अक्षरांची संख्या दोन्हीकडे तीच राहते. म्हणून अखेरचे व्यंजन अर्धवट गिळले तर अनेकवचनच हरवते. त्याला 'अ' चिकटवू नका, पण ओठ किंवा जीभ सुटल्याचा आवाज ऐकू येऊ द्या.

इथपर्यंत सुटी रूपे पाहिली, पण फ्रेंच माणूस सुटे रूप बोलतच नाही. अक्षर मोजायला सर्वनामापासून सुरुवात करायची. फ्रेंच अक्षराला स्वरावर संपायला आवडते, त्यामुळे आधीच्या शब्दाचे अखेरचे व्यंजन पुढच्या स्वरावर जाऊन बसते. 'इल्' अधिक 'ॲम्' (तो प्रेम करतो) म्हणजे 'इ-लॅम्'. अनेकवचनात सर्वनामाचा एरवी मुका असलेला 'एस' जागा होतो आणि 'ज़' बनून पुढे सरकतो: 'इल्-ज़ॅम्'. क्रियापदाच्या रूपात काहीच बदलले नाही; वचन सांगितले ते सांध्याने. 'तो पोहोचतो' आणि 'ते पोहोचतात' यांचेही तसेच: 'इ-ला-रीव्' आणि 'इल्-ज़ा-रीव्'. क्रियापद व्यंजनाने सुरू होत असेल तर हा आधार नाही. 'तो इंग्रजी बोलतो' आणि 'ते इंग्रजी बोलतात' ही दोन्ही रोजच्या बोलण्यात 'इल्-पार्-लाँ-ग्लॅ'च ऐकू येतात. अर्थ संदर्भावरून घ्यायचा.

सर्वांत महाग पडणारी चूक 'त्यांच्याकडे आहे' आणि 'ते आहेत' यांत होते: 'इल्-ज़ोँ' आणि 'इल्-सोँ'. पहिल्यात कंठ चालू, दुसऱ्यात बंद, एवढाच फरक. बोटे गळ्यावर ठेवून दहा वेळा आलटून पालटून म्हणा, कंप कळला पाहिजे.

प्रश्नार्थक उलट्या रचनेत सांधा 'त'चा असतो. 'तो घेतो का' यात क्रियापदाच्या शेवटी 'डी' लिहिलेला, पण म्हणायचे 'प्राँ-तील्'. स्वरान्त रूपाला मध्ये मुद्दाम 'टी' लावतात: 'ॲम्-तॅल्' (तिला आवडते का). आज्ञार्थात 'वा' म्हणजे जा, पण पुढे 'तिकडे'चा 'ई' आला की गळालेला 'एस' परत येतो: 'वा-ज़ी'. 'दोन्' म्हणजे दे; 'त्यातले थोडे दे' हे 'दोन्-ज़ाँ'.

काही क्रियापदे या नियमाला फाटा देतात. त्यातले एक म्हणजे द्वेष करणे. त्याचा 'एच' ऐकू येत नाही, पण कुंपण घालून बसतो. 'आम्ही द्वेष करतो' हे 'नु-आ-ई-सोँ', मध्ये 'ज़' नाही. एकवचनात 'झ-ॲ', तिथेही सर्वनामाचा स्वर गळत नाही.

मधला 'अ': उतर आणि उतरा

या विषयाचा गाभा मला वाटतो तो हा, आणि मराठी भाषकाला तो फुकट मिळतो. 'उतर' आणि 'उतरा' मोठ्याने म्हणा. पहिल्यात 'उ-तर्', दुसऱ्यात 'उत्-रा'. शेवटी स्वर आला की मधला अ गळतो आणि व्यंजन मागच्या अक्षरात जाते. 'सरक' आणि 'सरका' यांचेही तेच. आता फ्रेंच 'खरेदी कर' आणि 'खरेदी करा' ऐका: 'आ-शॅत्', 'आश्-ते'. यंत्रणा तीच. फरक एवढाच की जिथे स्वर टिकतो तिथे फ्रेंचमध्ये तो 'अ' राहत नाही, उघडा 'ॅ' होतो. कारण आखूड 'अ'वर अखेरचे अक्षर उभे राहू शकत नाही. अक्षर व्यंजनाने बंद झाले की त्याला 'ॅ' व्हावे लागते.

हा एक नियम समजला की लेखनातली चमत्कारिक रूपे आपोआप सुटतात. उचलणे: 'लॅव्' (उचलतो), 'ल-वोँ' (आम्ही उचलतो). हाक मारणे: 'झा-पॅल्' (मी), 'नु-ज़ा-प्लोँ' (आम्ही). फेकणे: 'झॅत्', 'झ-तोँ'. काही क्रियापदांत हा उघडा स्वर 'ई'ला डावीकडे झुकलेल्या रेघेची टोपी घालून दाखवतात, काहींत व्यंजन दुप्पट लिहून. 1990 सालच्या लेखनसुधारणेने टोपीच सर्वसाधारण ठरवली आणि दुप्पट व्यंजन हाक मारणे, फेकणे आणि त्यांची भावंडे एवढ्यापुरतेच ठेवले. त्याच सुधारणेने 'नमते घेणे' या क्रियापदाच्या भविष्यकाळातही हीच टोपी मान्य केली, कारण लोक पूर्वीपासून 'सॅद्-रे' असेच म्हणत होते.

मधला 'अ' केव्हा गळतो? ग्रामों या भाषाशास्त्रज्ञाचा 'तीन व्यंजनांचा नियम' क्रियापदांना चांगला लागू पडतो. 'अ' गाळल्यावर तीन व्यंजने एकमेकांना भिडत असतील तर तो ठेवायचा, नाही तर सोडायचा. भविष्यकाळात हे रोज लागते. 'आम्ही देऊ' यात 'अ'च्या आधी एकच 'न्', म्हणून 'नु-दोन्-रोँ'. 'आम्ही बोलू' यात आधीच 'र्' आणि 'ल्' आहेत, म्हणून 'नु-पार्-ल-रोँ'. 'आम्ही दाखवू': 'मोँ-त्र-रोँ', इथेही 'अ' राहतो. याच कारणाने 'तो बोलतो का' हे 'पार्-ल-तील्'. 'अ'च्या आधी स्वरच असेल तर तो कधीच वाजत नाही: 'मी ओरडेन' हे 'झ-क्रि-रे', 'मी खेळेन' हे 'झ-झु-रे'. तिथे लिहिलेला 'ई' बघून 'क्रि-ए-रे' म्हणणारे जवळजवळ प्रत्येक वर्गात सापडतात.

संकेतार्थात आणखी एक गाठ आहे. 'मी देईन' हे 'दोन्-रे', 'मी दिले असते' हे 'दोन्-रॅ'. हा ए-ॲ फरक अनेक फ्रेंच लोकच करत नाहीत, त्यामुळे तुमचा चुकला तरी कोणी हसणार नाही. पण आम्ही-तुम्हीच्या रूपात प्रत्ययच 'र्योँ' आणि 'र्ये' आहेत. त्यांच्याआधी व्यंजन असेल तर मधला 'अ' गाळता येत नाही. 'नु-दो-न-र्योँ', 'नु-स-र्योँ'. भविष्यकाळात 'अ' सोडायचा आणि संकेतार्थात धरायचा, त्यामुळे अक्षरसंख्येवरूनही काळ ओळखू येतो.

बोलण्याच्या ओघात सर्वनामाचा 'अ'ही जातो आणि मग 'झ' पुढच्या कठोर व्यंजनाच्या नादाने 'श' होतो: 'मला वाटते' हे 'श्पाँस्'. आपल्याकडे भरभर बोलताना 'एकदा'चा 'एग्दा' होतो, त्याच्या उलट दिशेने. परीक्षेच्या तोंडी भागात हे मुद्दाम करायची गरज नाही. ऐकताना ओळखता आले की पुरे.

'योँ' कुठे एक अक्षर, कुठे दोन

'आम्ही बोलत होतो' हे 'पार्-ल्योँ', दोन अक्षरे. 'आम्ही शीळ घालत होतो' हे 'सि-फ्लि-योँ', तीन. प्रत्यय तोच, मग एक अक्षर जास्त का? 'पार्ले'त 'र्' आधीच्या अक्षरात राहतो आणि 'ल्य' पुढे जातो. 'फ्ल' ही जोडी मात्र फुटत नाही. 'फ्'सारख्या किंवा 'प्, ब्, त्, द्, क्, ग्'सारख्या व्यंजनानंतर 'ल' वा 'र' आला की फ्रेंचमध्ये ती दोन्ही एकाच अक्षरात बसतात. त्यांच्यावर आणखी 'य' चढवणे जिभेला जमत नाही, म्हणून मध्ये पूर्ण 'इ' येते. 'आम्ही दाखवत होतो': 'मोँ-त्रि-योँ'. रोज लागणारे उदाहरण म्हणजे 'आम्हाला हवे होते', हॉटेलात नम्रपणे मागणी करतानाचे रूप: 'नु-वु-द्रि-योँ'. त्याला 'वुद्र्योँ' करून जीभ अडखळवण्यात अर्थ नाही.

धातूच्या शेवटी 'इ' असेल तर वर्तमानात 'क्रि-योँ' (आम्ही ओरडतो) आणि अपूर्ण भूतकाळात 'क्रिय्-योँ', लिहिताना दोन आय. हा फरक सावकाश बोलतानाच कळतो.

नाकातले स्वर आणि दुप्पट व्यंजने

मराठीत अनुस्वार लिहितो तेव्हा बहुतेक वेळा आपण व्यंजनच उच्चारतो: 'कंबर'मध्ये म्, 'अंत'मध्ये न्. हीच सवय फ्रेंचमध्ये नेली की 'पार्लोँ'चा 'पार्लोन्' होतो, आणि पुढे 'ब' आला तर 'पार्लोम्'. उपाय घरचाच आहे. 'संशय' सावकाश म्हणा आणि 'श' यायच्या आत थांबा. 'सं'नंतर जीभ कुठेही टेकलेली नसते, हवा मात्र नाकातून जात असते. 'ओँ'ला हवी असलेली स्थिती बरीचशी अशीच. कोकणी घरात वाढलेल्यांना 'हांव', 'तूं' यांतला शुद्ध अनुनासिक स्वर सवयीचा असल्याने त्यांना हे आधी जमते. 'मी गातो' हे 'झ-शाँत्' आपल्या कानाला हुबेहूब 'शांत' वाटते. फरक एवढाच, की आपल्या 'शांत'मध्ये न् आहे आणि फ्रेंचमध्ये तो नको. 'ते विकतात' हे 'वाँद्' 'चांद'च्या चालीवर म्हणू नका, याच कारणाने.

दुसरी सवय दुप्पट व्यंजनांची. आपल्याला 'पता' आणि 'पत्ता' वेगळे आहेत, म्हणून लिहिलेले दोन 'पी' आपण दोनदा वाजवतो. फ्रेंचमध्ये छपाईची फोड दोघांना वेगळे करते, उच्चारात एकच असतो: 'आ-प्ले', 'दो-ने'. क्रियापदांत खरोखर लांबवायचा दुहेरी 'र' तीन ठिकाणी येतो, मरणे, धावणे आणि मिळवणे यांच्या भविष्य आणि संकेतार्थात. तिथे अर्थच त्यावर अवलंबून असतो: 'तो मरत होता' हे 'इल्-मु-रॅ', 'तो मेला असता' हे 'इल्-मुर्-रॅ'. 'मी पाहीन' आणि 'मी शकेन' यांतही दोन 'आर' लिहितात, पण तिथे एकच उच्चारायचा.

नियमात न बसणारी दोन रूपे वेगळी लक्षात ठेवा. 'आम्ही करतो' यात ए-आय लिहिले असूनही उच्चार 'फ-ज़ोँ'. तसाच 'मी करत होतो', 'फ-ज़ॅ'. पण 'तुम्ही करता' हे 'फॅत्', एकच अक्षर. आणि 'जवळ असणे' याचे भूतकाळी धातुसाधित ई-यू असे लिहितात, पण उच्चार एकाच स्वराचा: जीभ 'ई'ची, ओठ 'ऊ'चे. 'इयू' किंवा 'ओ' दोन्ही चूक.

सरावासाठी एका वेळी एकच क्रियापद घ्या. वहीत सर्वनामासह रूप देवनागरीत लिहा, मुके वर्ण सोडून द्या, जिथे स्वर नाही तिथे न चुकता पाय मोडा, मग प्रत्येक सुटे व्यंजन पुढच्या स्वराकडे ढकला आणि शेवटी मधले 'अ' तपासा. 'आम्ही खरेदी करतो' याची पहिली खेप 'नु-आ-श-तोँ' अशी येईल. सांधा घातला की 'नु-ज़ा-श-तोँ', 'अ' तपासला की 'नु-ज़ाश्-तोँ', तीन अक्षरे. 'ते खरेदी करतात': 'इल्-ज़ा-शॅत्', हीही तीनच. दोन्ही एकामागून एक मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी वही न बघता ऐका. 'ज़' ऐकू येत नसेल किंवा अखेरचा 'त्' नाहीसा झाला असेल, तर त्याच जोडीवर थांबा. पुढचे क्रियापद अजून घेऊ नका.